मुलं कानात सूर लावून मूड बदलतात : बायनॉरल बीट्सबद्दल पालकांशी बोलायचंय

मनवा

दहावी ते बारावीची मुलं घरात असलेल्या पालकांसाठी हा धागा. गेल्या वर्षभरात ओळखीच्या बऱ्याच घरांतून एकच विषय कानावर आला. मुलं रात्री हेडफोन लावून 'बायनॉरल बीट्स' ऐकतात. दोन्ही कानांत एकसुरी गुणगुण, मागे कधी पाऊस, कधी समुद्र. कुणी अभ्यासात लक्ष लागावं म्हणून ऐकतं, कुणी झोप यावी म्हणून, तर कुणी नुसतंच 'बरं वाटतं' म्हणून.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, जेईईची तयारी चालू आहे. त्यानेच मला त्याची यादी दाखवली. जांभळ्या रंगाच्या मेंदूचं चित्र, त्यावर ठळक '४० हर्ट्झ', लांबी आठ तास. खाली जगभरच्या मुलांच्या प्रतिक्रिया : उद्या पेपर आहे, ब्रेकअप झालंय, झोप येत नाही. तिथपर्यंत ठीक होतं. पण बाजूला सुचवलेल्या काही फायलींची नावं सरळ अमली पदार्थांवरून ठेवलेली. 'अमुक पदार्थाचा अनुभव, फक्त आवाजातून' अशी जाहिरात. ते पाहून मात्र पोटात गोळा आला.

हेडफोन काढून घ्यायची माझी इच्छा नाही. ज्या वयात मुलं दार लावून घेतात त्या वयात हा स्वतःहून यादी दाखवतो, ते मला गमवायचं नाही. पण 'आवाजच तर आहे' म्हणून सोडून देणंही पटत नाही. यात खरं किती, धोका कशात आहे, आणि तुमच्या घरी तुम्ही काय केलंत?

अभय_क

सरळ बंद करा. ज्या गोष्टीचं नाव नशेवरून आहे ती मुलाच्या कानात नको, इतकं साधं आहे. मला दोन मुलं आहेत. घरात नियम एकच : रात्री दहानंतर फोन हॉलमध्ये. पहिले आठ दिवस कुरकुर झाली, मग सवय लागली. मूड बिघडला तर बाहेर जाऊन खेळा, आईशी बोला, झोपा. मूड बटणाने बदलता येतो ही कल्पनाच मुलांच्या डोक्यात रुजायला नको. आज आवाज, उद्या गोळी.

ध्वनिवेडा

मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आहे. आधी ही गोष्ट चालते कशी ते सांगतो, म्हणजे भीती आणि भाबडेपणा दोन्ही थोडे कमी होतील.

डाव्या कानात २२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २२० कंपनांचा सूर सोडा आणि उजव्या कानात २२६ चा. ऐकणाऱ्याला दोन वेगळे सूर जाणवत नाहीत. साधारण मधलाच एक सूर ऐकू येतो आणि तो सेकंदाला सहा वेळा हलकेच डुलतो. हे डुलणं हवेत कुठेच नसतं. दोन्ही कानांकडून आलेले संदेश ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, जिथे एकत्र येतात तिथे ते तयार होतं. आवाज कुठल्या बाजूने आला हे ओळखण्यासाठी मेंदू दोन कानांमधला बारीकसा फरक मोजत असतो, त्याच यंत्रणेचा हा परिणाम. सूर साधारण १००० हर्ट्झच्या खाली आणि दोघांतला फरक तीसेक हर्ट्झच्या आत असेल तरच तो नीट जाणवतो.

हे नवीन अजिबात नाही. हाइनरिश विल्हेल्म डोव्ह या प्रशियन भौतिकशास्त्रज्ञाला १८३९ साली ते आढळलं. हेडफोनही नव्हते तेव्हा. मग १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये गेराल्ड ऑस्टर यांचा लेख 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये आला आणि विषय पुन्हा चर्चेत आला.

पुढचा दावा असा : गाढ झोपेत मेंदूच्या लहरी सेकंदाला चारच्या खाली, म्हणजे डेल्टा. डोळे मिटून निवांत असताना आठ ते तेरा, म्हणजे अल्फा. मग कानातून दहाचं डुलणं दिलं की मेंदूही दहाच्या लयीत येईल आणि माणूस शांत होईल. डुलणं ऐकू येतं, हे खरं. त्यामागून मेंदू चालू लागतो आणि मूड बदलतो, हा दावा मात्र अजून वादात आहे. 'गांजाची फ्रीक्वेन्सी' वगैरे तर शुद्ध विक्रीची भाषा. एखादा पदार्थ रक्तातून जाऊन मेंदूत जे घडवतो त्याला हर्ट्झमधला एक आकडा नसतो.

चिऊताई

एकच इअरबड लावला तर? माझी मुलगी कायम एकच लावते, दुसरा हरवलाय :)

ध्वनिवेडा

@चिऊताई, मग ती बायनॉरल बीट्स ऐकतच नाहीये. एकच सरळ सूर ऐकतेय. फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू असेल तर दोन्ही सूर आधीच मिसळतात, मग जे ऐकू येतं ते साधं डुलणं. स्पीकरवर लावलं तरी तेच.

घरी करून बघा. मोफत टोन जनरेटर मिळतात. डावीकडे २२०, उजवीकडे २२६, आवाज अगदी हळू ठेवा. डुलणं ऐकू आलं की उजवा इअरबड काढा. डुलणं त्या क्षणी बंद पडतं आणि डाव्या कानात सपाट गुंजन उरतं. मुलासोबत बसून हे करा. आठ तासांच्या व्हिडिओमागे नेमकं काय आहे ते मुलाला एका मिनिटात समजतं, त्यासाठी भाषण लागत नाही.

षड्ज

ध्वनिवेडा, मोनोबद्दल लिहिलंत ते वाचून तानपुरा आठवला. जोडाच्या दोन तारा एकाच षड्जात मिळवताना आम्ही नेमकं हेच डुलणं ऐकत असतो. तारा जवळ आल्या की सूर वँ-वँ-वँ करतो. मणी सरकवत गेलं की ती लाट लांबत जाते, लांबत जाते आणि मग विरते. मिळाल्या तारा. शिष्याला पहिली काही वर्षं गुरू हेच ऐकायला शिकवतात. फरक इतकाच की हे डुलणं हवेत प्रत्यक्ष असतं, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येतं.

आणि लागलेल्या तानपुऱ्याजवळ बसल्यावर मन शांत होतं, हा माझा रोजचा अनुभव आहे. म्हणून 'आवाजाने मूड बदलत नाही' असं मी तरी म्हणणार नाही. माणूस हजारो वर्षं त्यासाठीच गातो आहे.

गोदाकाठ

आमच्या सासूबाईंना हरिपाठ लावून दिला की दुसऱ्या अभंगाला डोळे मिटतात. तिसरा आजवर कुणी ऐकलेला नाही :) त्यात कुठल्या लहरी असतील?

अभय_क

हरिपाठ आणि हे एका पारड्यात घालू नका. हरिपाठाच्या शेजारी नशेच्या पदार्थांची यादी उघडत नाही.

प्रेअरीतला_पक्षी

ओक्लाहोमातून लिहिते. हा विषय इथे २०१० मध्येच गाजला होता. मस्टँग हायस्कूलमधल्या काही मुलांनी 'आम्ही आवाज ऐकून धुंद झालोय' असं सांगितलं. शाळेने पालकांना सावध करणारं पत्र धाडलं. राज्याच्या अमली पदार्थविरोधी विभागाचे प्रवक्ते टीव्हीवर बोलले. 'आय-डोसर' नावाचं सॉफ्टवेअर तेव्हा जोरात होतं, त्यात प्रत्येक पदार्थाच्या नावाची एकेक फाईल विकत मिळायची. यूट्यूबवर मुलांचे व्हिडिओ : डोळ्यांवर पट्टी बांधून पलंगावर पडलेत, हातपाय थरथरताहेत, शेजारी मित्र खिदळतोय.

प्रवक्त्यांचा मुद्दा मला आजही पटतो. हा आवाज मेंदू बिघडवतो असा त्यांचा सूर नव्हता. 'हे शोधणारं मूल ज्या जागी पोहोचतं, तिथून खऱ्या पदार्थांच्या जागा दूर नसतात,' असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वेळी आमच्या महाराष्ट्र मंडळातही यावर बोलणं झालं. काहींनी मुलांचे आयपॉड जप्त केले. माझी भाची तेव्हा नववीत होती. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही बातमीत दाखवलंत म्हणून आम्ही सगळ्यांनी ते शोधलं. त्याआधी कुणाला माहीतच नव्हतं." शाळांनी आणि पालकांनी गवगवा करताना हे जरूर लक्षात घ्यावं.

वाळवंटी_वारा

इकडे अरब देशांत २०१४ मध्ये अशीच लाट आली होती. लेबनॉनचे तेव्हाचे न्यायमंत्री अश्रफ रिफी यांनी अशा संकेतस्थळांविरुद्ध पावलं उचलायला सांगितलं होतं. आमच्या इमारतीतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'हे ऐकून मुलं दगावतात' असे संदेश फिरत होते. घाबरलेले आईबाप मुलांचे फोन तपासत सुटले, पण मुलाला बसवून 'तू का ऐकतोस' असं विचारलेलं एकही घर मला दिसलं नाही.

निरीक्षक

संशोधनाचं थोडं सांगतो, कारण मनवा यांनी 'खरं किती' असं विचारलंय आणि त्याला हो-नाही असं सरळ उत्तर नाही.

बाजूने : २००५ मध्ये 'अ‍ॅनेस्थेशिया' या नियतकालिकात शस्त्रक्रियेआधीच्या चिंतेवर एक अभ्यास आला. १०८ रुग्णांचे तीन गट केले होते. बायनॉरल बीट्स ऐकणाऱ्यांची चिंता २६.३ टक्क्यांनी कमी झाली. तसाच आवाज पण बीट्स नसलेला, असा ऐकणाऱ्यांची ११.१ टक्क्यांनी, आणि काहीच न ऐकणाऱ्यांची ३.८ टक्क्यांनी. म्हणजे चिंता उतरवायला काही उपयोग होऊ शकतो. मधला आकडाही नजरेआड करू नका : नुसता शांत आवाजसुद्धा काम करतो.

विरुद्ध : २०२० मध्ये 'ई-न्यूरो'त आलेल्या अभ्यासात मेंदूने या लयीला प्रतिसाद दिला, पण साध्या, मिसळलेल्या बीट्सच्या मानाने तो कमी होता, आणि मूडमध्ये फरक दिसला नाही. २०२३ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये १४ अभ्यासांचा आढावा आला. मेंदूच्या लहरी खरंच बीट्सच्या मागे जातात का, हा प्रश्न होता. ५ अभ्यास हो म्हणाले, ८ नाही म्हणाले, १ अधलामधला.

अभ्यासासाठी ऐकणाऱ्या मुलांना हे नक्की सांगा : २०२३ मध्येच पोलंडच्या संशोधकांनी 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये हजार लोकांवरचा प्रयोग मांडला. लोकांनी आपापल्या घरी बसून बीट्स ऐकले आणि बुद्धीची चाचणी दिली. ऐकणाऱ्यांची कामगिरी सुधारायच्या ऐवजी घसरली.

आणि वापराबद्दल : ग्लोबल ड्रग सर्व्हे २०२१ मध्ये २२ देशांतल्या ३० हजारांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली. साधारण ५ टक्के लोकांनी वर्षभरात बीट्स ऐकले होते. त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांना निवांत व्हायचं होतं किंवा झोपायचं होतं. मूड बदलण्यासाठी ऐकणारे ३५ टक्के. पदार्थांसारखा अनुभव शोधणारे सुमारे १२ टक्के. हा सर्व्हे स्वखुशीने भरायचा असतो आणि तो भरणाऱ्यांत नशेचे पदार्थ वापरणारे जास्त असतात. त्यामुळे ५ टक्के हा आकडा आपल्या मुलांना सरसकट लावू नका. पण तिथेही नशा शोधणारे थोडेच आणि झोप शोधणारे खूप, हे बोलकं आहे.

शुभदा_स

निरीक्षक, मनापासून आभार. मी किशोरवयीन मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते. तुमच्या शेवटच्या वाक्यावरच मला बोलायचंय.

माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी जी बीट्स ऐकतात, त्यांना 'काय ऐकतोस' विचारलं की फ्रीक्वेन्सी सांगतात. 'किती वाजता ऐकतोस' विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते. रात्री दोन वाजता ऐकणारं मूल दोन वाजता जागं आहे. ते का जागं आहे? क्लासमध्ये मागे पडलंय? कुणी त्रास देतंय? घरात भांडणं होताहेत? की छाती धडधडते आणि ते कुणाला सांगता येत नाही? आवाज बंद केल्याने यातलं काहीही बंद होत नाही. उलट एक मदत काढून घेतली जाते आणि मूल अंधारात एकटंच जागं राहतं.

@अभय_क, फोन हॉलमध्ये ठेवायचा तुमचा नियम मला आवडला, झोपेसाठी तो चांगलाच आहे. पण 'आज आवाज, उद्या गोळी' याला आधार नाही. बीट्स ऐकल्यामुळे मूल पदार्थांकडे वळतं असं दाखवणारा अभ्यास माझ्या वाचनात आलेला नाही. पदार्थांच्या नावाची फाईल मुद्दाम शोधणारं मूल मात्र काहीतरी सांगत असतं : त्याला कुतूहल आहे, किंवा त्याच्या गटात तो विषय चालू आहे. तेव्हा न रागावता विचारावं, "तुमच्या वर्गात कुणी खरंच घेतं का रे?" आणि उत्तर ऐकून घ्यावं, मध्ये बोलू नये. अशा वेळी पालकांचा चेहरा जरा बदलला तरी मूल तिथेच थांबतं, हे मी रोज बघते.

झोप उडणं, भूक मरणं, मित्र तुटणं, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. मुलाने स्वतः केला तरी चालतो.

लातूर_ते_पवई

मी इथला बहुतेक सगळ्यात लहान सदस्य असेन, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन वर्षं लातूरला होतो. आमच्या अभ्यासिकेत अर्ध्या मुलांच्या कानात काहीतरी असायचंच. कुणाचा पाऊस, कुणाचा ब्राऊन नॉइज (एकसारखी खर्जातली घरघर), कुणाचे बीट्स.

का ऐकायचो ते सांगतो. अभ्यासिकेत शेजारचा पानं उलटतो तो आवाजही टोचतो, कारण त्याचा अर्थ तो आपल्यापुढे गेला. हेडफोन लावला की तो आवाज जातो. माझ्या बाबतीत बीट्सचा फायदा एवढाच होता. रात्री खोलीवर यायचो तेव्हा डोकं थांबायचं नाही, गणितं डोळ्यांसमोर फिरत राहायची. एकसारखा आवाज असला की जरा धरून राहायला काहीतरी असायचं.

पदार्थांच्या नावाची फाईल आमच्याकडेही एकाने आणली होती. सगळे पलंगावर आडवे झाले. एक जण म्हणाला मला काहीतरी होतंय, मग सगळ्यांनाच काहीतरी व्हायला लागलं. नंतर ज्याने ती लावली होती त्याने सांगितलं की मी चुकून पावसाचा आवाज लावला होता. त्या दिवशी खूप हसलो आणि तो विषय तिथेच संपला.

काका-काकूंना एकच सांगतो. घरून फोन आला की पहिला प्रश्न 'टेस्टमध्ये किती पडले' हा असायचा. मी बरा आहे का हे आधी विचारलं असतं तर मला खरंच खूप बरं वाटलं असतं.

मनवा

@लातूर_ते_पवई, तुझा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला. असंच लिहीत राहा.

आनंदयात्री६२

चर्चा छान चालली आहे. मुलांना ऐकवायचंच असेल तर ४३२ हर्ट्झचं संगीत ऐकवा. जगाचं संगीत मुद्दाम ४४० वर नेल्यामुळे अशांतता वाढली आहे. ५२८ हर्ट्झने तर पेशी दुरुस्त होतात. सविस्तर माहिती माझ्याकडे आहे, कुणाला हवी असल्यास पाठवतो.

षड्ज

@आनंदयात्री६२ काका, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे मुलांपर्यंत पोहोचू नये असं मला तळमळीने वाटतं. ४४० हा वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेला आकडा, १९५५ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. आपल्या संगीतात तर असा ठरलेला आकडाच नाही. कुणी हार्मोनियमच्या काळी एक पट्टीत गातं, कुणी पांढरी पाचमध्ये. षड्ज गळ्याप्रमाणे बदलतो. ४३२ मध्येच शांती असती तर काळी एकमध्ये आयुष्यभर गाणाऱ्यांच्या मैफलीत लोक अस्वस्थ होऊन उठून गेले असते. आणि ५२८ ने पेशी दुरुस्त होतात याला वैद्यकीय पुरावा नाही. घरातलं कुणी आजारी असताना मूल असल्या फायलींवर विसंबलं तर? म्हणून इतकं लिहिलं. राग मानू नका.

आनंदयात्री६२

राग कसला! काळी एकचा मुद्दा पटला. पुढे पाठवणार नाही.

सावली

मला काळजी आहे ती वेगळीच. माझ्या मुलीला अपस्मार आहे, गोळ्या चालू आहेत. तिच्या मैत्रिणी हे ऐकतात म्हणून तिलाही ऐकायचंय. कुणाला माहिती आहे का?

कर्णोपकर्णी

@सावली, मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. अपस्मार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे ऐकू नये. बरेच विक्रेते स्वतःच तशी सूचना लिहितात, फक्त ती बारीक अक्षरांत असते. पुढच्या भेटीत तिच्या न्यूरोलॉजिस्टना विचारा, आणि मुलीसमोरच विचारा. आईने नाही म्हटलं आणि डॉक्टरांनी कारण सांगितलं, यात तिला फार फरक वाटेल. तिच्यासाठी जपण्याची दुसरी गोष्ट झोप. जागरणाने झटके येऊ शकतात, तेव्हा कानात काहीही असो, रात्री दोनपर्यंत जागणं तिच्यासाठी नाहीच.

आता सगळ्यांसाठी. इथे लहरींवर इतकं बोलणं झालं, पण माझ्या दवाखान्यात येणारी मुलं वेगळ्याच कारणाने येतात : कानात सतत शीळ वाजते, वर्गात मागच्या बाकावरचं ऐकू येत नाही. कारण बहुतेक वेळा मोठा आवाज आणि लांबलचक वेळ. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत, आणि मुलांसाठी ७५ डेसिबलपर्यंत. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. मोठ्यांसाठी ८० ला ४० तास, तर ८३ ला २०, ८६ ला १०, ८९ ला ५. अभ्यासिकेत दिवसाचे आठ-दहा तास इअरबड घालणाऱ्या मुलाचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय एकसुरी आवाजाला कान सरावतो, तो हळू वाटायला लागतो आणि हात नकळत आवाज वाढवतो. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, त्यावर औषध नाही.

अभय_क

डॉक्टर, हे आधी लिहायला हवं होतंत. माझ्या मुलांना हा हिशेब मी आजच कागदावर लिहून दाखवतो. शुभदाताई, तुमचाही मुद्दा वाचला. नियम मी बदलणार नाही, दहाला फोन हॉलमध्येच. पण झोप येत नसेल तर मला उठवायचं, हे त्यात वाढवतो.

शुभदा_स

@अभय_क, हे फार चांगलं केलंत. आणि त्यांनी खरंच उठवलं तर त्या वेळी अभ्यासाचा विषय काढू नका, एवढीच विनंती.

मनवा

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

रविवारी दुपारी ध्वनिवेडा यांचा प्रयोग केला. २२० आणि २२६. मुलाने स्वतःच इअरबड काढला, घातला, पुन्हा काढला. मग आकडे बदलत बसला, फरक वाढवत नेला की डुलणं कुठे फुटतं ते शोधत. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात विस्पंदं, म्हणजे बीट्स, आहेतच, ती उघडून त्याने मलाच शिकवली. त्या ओघात शुभदाताईंचा प्रश्न विचारला : किती वाजता ऐकतोस?

उत्तर अनपेक्षित होतं. क्लासच्या गटावर सराव परीक्षेची क्रमवारी रात्री अकरानंतर पडते. ती बघितली की झोप उडते, म्हणून बीट्स. फाईल बदलून बदलून ऐकायची, कारण कुठलीच चालत नव्हती. मी क्लासच्या सरांना फोन केला. क्रमवारी संध्याकाळी टाकता येईल का असं विचारलं, आणखी दोघा पालकांनीही विचारलं. 'बघतो' म्हणालेत. मुलाने तो गट रात्रीपुरता मूक करायचं कबूल केलंय, काही दिवस पाळतो, काही दिवस राहवत नाही त्याला.

पदार्थांच्या नावाच्या फायलींबद्दलही विचारलं. एकदा ऐकली होती म्हणाला, काहीच झालं नाही. वर्गात कुणी खरंच घेतं का, यावर थोडा वेळ गप्प बसला आणि मग बरंच बोलला. ते इथे लिहीत नाही, दुसऱ्यांच्या मुलांचं आहे. पण शाळेतल्या समुपदेशकांना नावं न सांगता भेटून आले आहे.

बीट्स त्याने सोडलेले नाहीत. झोपताना आता इअरबडऐवजी छोट्या स्पीकरवर हळू पाऊस लावतो.

चिऊताई

@कर्णोपकर्णी, शेवटचं विचारते. डेसिबल घरी मोजायचे कसे? आणि माझ्या मुलीचा हरवलेला इअरबड घेऊन द्यावा का? ती म्हणते एकाच कानाने ऐकलं तर निम्मंच नुकसान.

कर्णोपकर्णी

@चिऊताई, निम्मं नुकसान नाही, त्या एका कानाचं पूर्ण :) एकाच कानात आवाज असला की तो कमी वाटतो, म्हणून मुलं तो वाढवतात. तेव्हा दुसरा जरूर घेऊन द्या, शक्यतो कान पूर्ण झाकणारा हेडफोन द्या, बाहेरचा आवाज अडला की आतला वाढवावा लागत नाही. मोजायचं तर बऱ्याच फोनमध्ये आरोग्य किंवा आवाजाच्या सेटिंगमध्ये हेडफोनची पातळी दिसते आणि कमाल मर्यादाही बांधता येते. ती मुलीसोबत बसून बांधा. ते सेटिंग नसेल तर आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका. आणि कानात शीळ वाजते असं ती कधी म्हणाली, तर श्रवणचाचणी करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, दुखत नाही.